सँट्रोचं गॅस किट काढलं, त्याच्या नोंदी

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज विधानसभेच्या निकालाचा दिवस. बाबा सकाळपासून टीव्हीसमोरून हलले नाहीत, गल्लीत शुकशुकाट. गाडी अंगणात घेऊन नीट बघायला हीच वेळ बरी होती.

गाडी ह्युंदाई सँट्रो झिंग, १०८६ सीसी, जानेवारी २०१० ची नोंदणी. गॅस किट २०११ मध्ये बसवलेलं. तेव्हा बाबा रोज नागपूर-बुटीबोरी जाऊन येऊन करत आणि पेट्रोल सत्तरीला टेकलं होतं. आरसीवर (नोंदणीपत्रावर) इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि एलपीजी दोन्ही रीतसर चढवलेलं आहे.

आता काढायचं कशासाठी, तर आरसीची पंधरा वर्षं येत्या जानेवारीत संपतात. नूतनीकरणाला गाडी दाखवायची तर टाकीच्या चाचणीचा चालू दाखला हवा. ही चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. आमची २०१६ ला झाली. २०२१ ची कोविडच्या गोंधळात राहिली ती राहिलीच. शिवाय आमच्या बाजूच्या पंपावरचा ऑटो-एलपीजीचा नोझल बंद होऊन तीन वर्षं झाली. गॅस भरायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे वाचवलेले पैसे जाता-येता जाळायचे. बाबांचं म्हणणं, ‘चालून राहिली ना, मग कशाला हात लावतं?’ यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. टाकीवरची पाटी दाखवली. चाचणीची शेवटची तारीख: २०१६.

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात मेदूवड्याच्या आकाराची टाकी आहे. पाटीवर आयएस १४८९९ (अशा टाक्यांचं भारतीय मानक) आणि पाणी-क्षमता ३४ लिटर. म्हणजे भरायची २७, कारण मल्टीव्हॉल्व्हमधला, म्हणजे टाकीच्या एकत्रित व्हॉल्व्हमधला, फ्लोट ८० टक्क्यांवर भरणं बंद करतो. वरची जागा द्रव तापून फुगला तर त्याला लागते, ती कंजुषी म्हणून ठेवलेली नसते. टाकीच्या मधल्या भोकात व्हॉल्व्हचा डबा, त्यातून दोन पन्हाळीदार नळ्या डिकीच्या पत्र्यातून खाली उघड्यावर. तांब्याची नळी गाडीखालून पुढे. पुढे गॅसचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करणारा), मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा), इंजेक्टरचा इम्युलेटर (गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा डबा). डॅशबोर्डवर पेट्रोल-गॅस बदलायचा दिव्यांचा चेंजओव्हर स्विच.

मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात शिकवते, त्यामुळे पाने आणि सोल्डर माझ्या हातचे. गॅस हातचा नाही. म्हणून आजच रेघ मारून ठेवते: टाकी, मल्टीव्हॉल्व्ह आणि गॅसची नळी हे अधिकृत किट केंद्राच्या फिटरचं काम. मी फक्त जवळ उभी राहणार. वायरिंग, पाण्याचे होज, मिक्सर आणि पेट्रोलची बाजू माझी.

२४ नोव्हेंबर, रविवार

गॅसला हात लावण्याआधी गाडी पेट्रोलवर चालते का ते बघितलं. चालत नाही. स्विच पेट्रोलवर टाकून चावी फिरवली, स्टार्टर नुसता फिरतो. मागच्या सीटखाली कान लावला तर पंपाचा आवाज नाही. पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येताहेत. पंप मेला.

बरं झालं आधी बघितलं. आधी किट उतरवलं असतं तर गाडी ढकलत घरी आणावी लागली असती.

१ डिसेंबर, रविवार

मागची सीट उचलून पंपाचं झाकण उघडलं. टाकीत चारेक लिटर पेट्रोल, रंग कोऱ्या चहाचा, वास जुन्या वॉर्निशचा. पंपाची जाळी चिकट.

हे असं का झालं ते समजून घेतलं. आमच्यासारख्या मिक्सरच्या किटमध्ये गाडी गॅसवर धावते तेव्हाही पेट्रोलचा पंप फिरतच असतो. इम्युलेटर फक्त इंजेक्टर बंद ठेवतो. पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलचंच. बाबा टाकीत कायम रिझर्व्हपुरतं ठेवत, ‘गॅस आहे ना’ म्हणून. दहा वर्षं तो पंप जवळपास कोरडा भाजत राहिला. ज्यांच्या गाडीला असं किट आहे त्यांनी काढायचं असो वा नसो, पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये.

जुनं पेट्रोल हातपंपाने झाकणाच्या कॅनमध्ये काढलं. अंगणात, बॅटरीची निगेटिव्ह सुटी करून. आईला तेवढा वेळ तुळशीजवळचा दिवा लावू नको म्हटलं तर ती रागावली. संध्याकाळ टळली, मग लावला. नवा पंप, नवी जाळी, नवा फिल्टर, पाच लिटर ताजं पेट्रोल. सातव्या-आठव्या प्रयत्नात इंजिन लागलं. मिसिंग (इंजिन मध्येच ठोका चुकवणं) भरपूर, धूरही, पण लागलं. इंजेक्टर साफ करायला दिले.

७ डिसेंबर, शनिवार

केंद्राचे फिटरभाऊ गाडी बघायला आले. पंचवीस वर्षं हेच काम. मी विचारलं, आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) आहे, तिथे टाकी उतरवता येईल का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

‘पिटात? ताई, गॅस हवेहून जड रायते. पिटात उतरला तं तिथंच बसून रायते. मंग कोणी बटन दाबलं की तुम्ही-आम्ही दोघंबी वरतीच भेटू.’

प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. पिट, गटार, बेसमेंटचं पार्किंग, शटर पाडलेलं गॅरेज, सगळं बाद. त्यांच्या केंद्राचं आवार हिंगण्याकडे, उघडं, सपाट, जवळ नाली नाही. तिथेच करायचं ठरलं. शनिवारपर्यंत गाडी गॅसवर हाकून टाकी जितकी उतरवता येईल तितकी उतरवा म्हणाले.

गॅस हवेत सोडून देता येत नाही का, हे विचारायचं धाडस बाबांनी केलं. ‘सोडाले दोन मिनिटं लागते काका. पण तो कुठं जाऊन बसन, ते कोण सांगन?’

आणखी एक विचारलं त्यांनी, आवाज जरा खाली आणून: टाकीत कधी घरच्या सिलिंडरचा गॅस भरला होता का? तो गुन्हा तर आहेच, वर अशा घरगुती भरणीत ८० टक्क्यांचा हिशेब कोणी पाळत नाही आणि व्हॉल्व्हशी खेळ झालेला असतो. काढणाऱ्याला ते आधी माहीत पाहिजे. बाबा म्हणाले, कधीच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र उचललं.

१४ डिसेंबर, शनिवार

टाकीचा दिवस. सविस्तर लिहिते.

आठवडाभर संध्याकाळी रिंगरोडने फिरून गॅस जाळला. काल रात्री स्विचवर एकच लाल दिवा उरला होता. सकाळी थंडी अशी की हँडलवर बोटं वाकेनात. हिंगण्याच्या वाटेवर गाडी दोनदा खोकली आणि केंद्राच्या फाटकात ८.४० ला गॅसवर बंद पडली. फ्लोटचा काटा शून्यावर. मी खूश, टाकी रिकामी म्हणून.

फिटरभाऊंनी टाकीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘काटा झिरोवर गेला म्हंजे रिकामी झाली असं नसते. थंडीत गॅस झोपून रायते. ऊन पडू द्या, मंग उठते.’

गाडी उन्हात तोंड करून लावली, पाचही दारं उघडी. फोन सगळ्यांचे ऑफिसात जमा. मी वर्कशॉपातून तापमापक बंदूक नेली होती. काही उघडायच्या आधीच टाकीचं तापमान घ्या आणि बंदूक ऑफिसात ठेवा, असा हुकूम झाला. १२ अंश. मग तर्री-पोहे, चहा, पुन्हा चहा. सोमवारपासून अधिवेशन, त्यामुळे सगळ्यांच्या गप्पा कुठले रस्ते बंद होणार याच्या.

दीड वाजता पत्रा ३१ अंश. स्विच गॅसवर टाकून चावी दिली आणि गाडी चालू झाली! सकाळी ‘रिकाम्या’ झालेल्या टाकीवर सात मिनिटं चालली.

हे पुस्तकात शिकवलेलं, डोळ्यांनी आज पाहिलं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. टाकी संपत आली की द्रव ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि वाफ जायला लागते. वाफेबरोबर प्रोपेन आधी पळतो, तळाशी ब्युटेन उरतो. नुसत्या ब्युटेनचा दाब १२ अंशांना जेमतेम अर्ध्या बारच्या वर असतो, ३१ ला दोन बारच्या जवळ. सकाळी त्याला बाहेर यायचा जोर नव्हता, इतकंच. थंडीच्या दिवसात कोणी सकाळी टाकी ‘रिकामी’ म्हणून सोडवली आणि दुपारी उन्हात नाहीतर घरात आणून ठेवली, तर काय होईल ते सांगायला नको.

आणि ते उरलेलं थोडं असतं असंही नाही. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेटाऊ. म्हणजे एका लिटरमध्ये दहा बाय दहाच्या खोलीचा खालचा अर्धा भाग पेटायला तयार, आणि तो खालीच राहतो.

गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा कामाला सुरुवात. मल्टीव्हॉल्व्हवरची हाताची चावी बंद केली. बॅटरीची निगेटिव्ह काढून टेपने गुंडाळली. पुढे बॉनेटखाली सोलेनॉइडजवळचा फ्लेअर नट: दोन पाने, एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर तांब्याची नळी पिळवटते. पाव फेरा. फुस्स. हात मागे. त्या वासासाठी गॅसमध्ये मुद्दाम मर्कॅप्टन घातलेलं असतं, मूळ गॅसला वास नाही. दहा मिनिटं कोणी काही केलं नाही. मग दुसरा पाव फेरा, मग पूर्ण.

मागे व्हॉल्व्हच्या डब्याचं झाकण काढून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. फुगे नाहीत. टाकीच्या आउटलेटला केंद्राचा जाड होज, तो दहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवलेल्या बर्नरपर्यंत, मध्ये रेग्युलेटर आणि ज्वाळा उलटी न येऊ देणारी जाळी. मल्टीव्हॉल्व्हचा स्वतःचा सोलेनॉइड १२ व्होल्ट दिल्याशिवाय उघडत नाही आणि गाडीची बॅटरी तर सोडवलेली. त्यासाठी त्यांची लांब वायर आहे. क्लिपा आधी टाकीकडे लावायच्या, बॅटरीकडचा जोड शेवटी आणि लांब. ठिणगी पडलीच तर ती तिकडे पडते. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

बर्नर पेटला. आधी निळी, मग लांब पिवळी ज्योत, मग आचके. टाकीच्या खालच्या भागावर दव जमलं, त्याच्या वरच्या कडेची सरळ रेघ. रेघेखाली अजून द्रव आहे, तो उकळताना पत्र्याची ऊब ओढून घेतो म्हणून तिथेच घाम फुटतो. काट्यापेक्षा ही रेघ खरी. टाकी गार पडली की ज्योत मलूल होते. तेव्हा भाऊंनी नळाचं साधं पाणी टाकीवर ओतलं. ऊब द्यायला तेवढं पुरतं. गरम पाणी नाही, हीटर नाही, आणि ज्याने कोणी ब्लो-लॅम्प लावल्याचे किस्से सांगितले ते ऐकून पोह्यांची तर्री घशाशी आली. पन्नास मिनिटांनी ज्योत विझली. दवाची रेघ नाही.

मग नायट्रोजन दोन बारपर्यंत भरून सोडला, तीनदा. तोंडाशी गॅस-डिटेक्टर धरला, गप्प. व्हॉल्व्हच्या तोंडांना पितळी प्लग. चार बोल्ट, एक पट्टा. दोघांनी उचलून बाहेर. खड्ड्यात तेरा वर्षांची धूळ, एक पेन आणि माझी कॉलेजची हरवलेली लायब्ररीची पावती.

घरी पेट्रोलवर. मिसिंग आहेच.

१५ डिसेंबर, रविवार

डिकीचा गालिचा उन्हात टाकला. वास अजून आहे. आज शहरात मंत्र्यांचा शपथविधी, सिव्हिल लाइन्सकडे जायची सोय नाही. काम बंद.

१८ डिसेंबर, बुधवार

भंगारवाला दारात येऊन गेला. टाकी आहे का, दोनशे देतो. टाकी केंद्रातच ठेवली हे किती बरं. असली टाकी भंगारात गेली की कोणीतरी गॅस-कटर लावतो. धुतली, वारा दिला, सगळं खरं. तरी पत्र्याला चिकटलेलं तेलकट उरतं आणि कटरच्या उष्णतेने त्याची वाफ होते. केंद्राने आज टाकी पाण्याने भरून, भोकं पाडून, चेपून निकामी केली. तसा दाखला दिला, टाकीचा क्रमांक घालून. बाद सिलिंडर पुन्हा वापरता येणार नाही असा नष्ट करायचा, हा नियमच आहे. हे नियम राबवणारी पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) इथे सेमिनरी हिल्सला आहे, माझ्या कॉलेजच्या वाटेवर. इतकी वर्षं पाटी बघते, आत काय चालतं याचा विचार पहिल्यांदा केला.

२१ आणि २२ डिसेंबर

वायरिंग. दोन दिवस गेले आणि पाठ गेली.

किट बसवणाऱ्याने जोडलं ते नुसतं उपटून चालत नाही, कारण जोडण्यासाठी त्याने आधी कंपनीचं काहीतरी कापलेलं असतं. उपटलं तर ते कापलेलंच राहतं. चार इंजेक्टर, प्रत्येकाची ईसीयूकडे (इंजिनाच्या संगणकाकडे) जाणारी वायर मध्ये तोडून दोन्ही टोकं इम्युलेटरमध्ये नेलेली: आठ टोकं. शिवाय ऑक्सिजन सेन्सरची वायर तोडून त्याच डब्यात, कारण गाडी गॅसवर असताना ईसीयूला सगळं ठीक असल्याचा खोटा सिग्नल द्यावा लागतो. थ्रॉटलच्या सेन्सरला एक टॅप (वायर न तोडता काढलेला फाटा), कॉइलला एक टॅप.

आणि सगळ्या वायरी काळ्या. किटच्या जाडजूड गुंडाळीत एका रंगाच्या अकरा वायरी बघून मी त्या अनोळखी माणसाला मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पिळून जोडलेले जोड, वर टेप, टेपचा झालाय काकवीसारखा चिकटा. तिसऱ्या इंजेक्टरचा जोड सोलला तर आत हिरवा गंज. मिसिंगचं अर्धं कारण इथेच सापडलं. सगळ्यात भारी म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून किटला जाणारी लाइन: फ्यूजचा होल्डर आहे, आत फ्यूजऐवजी तांब्याची तार. गॅसच्या गाडीत. तेरा वर्षं.

केलं ते असं. बॅटरी सुटी. प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी. इंजेक्टर एकेक मोजले, चारही १४ ओहमच्या आसपास. एका वेळी एकच वायर: इम्युलेटरमधून सोडवायची, दोन्ही मूळ टोकं ताज्या तांब्यापर्यंत सोलायची, हीट-श्रिंक आधी सरकवायची (दोनदा विसरले), सोल्डर, मग श्रिंक, मग ईसीयूच्या कनेक्टरपासून इंजेक्टरपर्यंत सलगता तपासायची, आणि मगच पुढची. चारही एकदम कापून ठेवायचा मोह झाला होता. काळ्या वायरींत ते केलं असतं तर अजून तिथेच बसलेली असते.

एक वायर शेवटपर्यंत कुठून आली कळेना. फायरवॉलमधून (इंजिन आणि डॅशच्या मधल्या पत्र्यातून) आत, डॅशच्या मागे, शेवटी पंपाच्या रिलेपाशी. तोडून नुसती अर्धवट सोडलेली, टोकाला टेपही नाही. बहुतेक पंप गॅसवर बंद ठेवायचा विचार होता आणि संध्याकाळ झाली.

२५ डिसेंबर, बुधवार

सुटी. मिक्सर आणि पाणी.

मिक्सर म्हणजे एअर फिल्टरचा होज आणि थ्रॉटल बॉडीच्या मध्ये अडकवलेलं ॲल्युमिनियमचं कडं, गळ्याशी अरुंद. गॅस ओढायला ते अरुंद लागतं, पण पेट्रोलवर तेच इंजिनाचा श्वास अडवतं. काढून मूळ होज बसवला. एअर फिल्टरच्या प्लास्टिक डब्याला आडवी चीर आणि तिच्यावर एम-सीलचा जाड लेप. ती २०१४ मधली. रेल्वेच्या पुलावर बॅकफायर झाला होता, आवाज ऐकून मागचा स्कूटरवाला पडता पडता वाचला. या प्रकारच्या किटमध्ये इनटेकचा सगळा रस्ता पेटाऊ मिश्रणाने भरलेला असतो, त्यामुळे ठिणगीची एक चूक झाली की डबा फुटतो. डबा जुन्या पार्टच्या बाजारात मिळाला.

व्हेपोरायझरला इंजिनाचं गरम पाणी लागतं, नाहीतर द्रव उकळताना तो गोठतो. त्यासाठी हीटरच्या दोन्ही होजमध्ये टी-जोड टाकलेले. इंजिन पूर्ण गार, कूलंट बादलीत, टी आणि तुकडे काढून दोन अखंड नवे होज, नव्या क्लिपा. व्हेपोरायझरच्या तळाचा प्लग उघडला तर वाटीभर काळपट तेल निघालं. वास! सडलेला कांदा आणि रॉकेल एकत्र उकळावं तसा. आईने खिडकीतून विचारलं, नाली तुंबली का? बाटलीत भरून बूच लावलं, केंद्रात देणार. ती बाटली आज घरात येणार नाही असं एकमताने ठरलं.

कूलंट भरला, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. पंखा दोनदा लागून बंद झाला, काटा मध्यावर.

२८ डिसेंबर, शनिवार

आयडलिंग १५०० वर आणि वरखाली, जणू कोणी ॲक्सिलरेटरवर पाय नाचवतंय. मिसिंग मात्र गेलं.

वायरिंग परत तपासलं. दोन तास फुकट. मग डोकं शांत केलं: आरपीएम वाढलाय, म्हणजे न मोजलेली हवा कुठून तरी शिरतेय. इनटेकच्या बारीक होज एकेक चिमटीत दाबल्या. चौथी दाबली आणि इंजिन शहाण्यासारखं ८०० वर. व्हेपोरायझरला व्हॅक्यूम द्यायला त्या होजमध्ये छोटी प्लास्टिक टी होती. तिचं तोंड मी जुन्या रबरी टोपीने बंद केलं होतं आणि टोपीला केसाएवढी चीर. टी काढून अखंड होज. कापलेलं मूळ पुन्हा अखंड करायचं, हे वायरिंगच्या वेळी मीच लिहिलेलं तत्त्व, इथे मीच आळस केला.

बॅटरी अर्धा तास काढून ठेवली, म्हणजे ईसीयूने इतक्या वर्षांत शिकलेलं विसरावं. मग काटोल रोडने चाळीस किलोमीटर.

४ जानेवारी २०२५, शनिवार

भोकं. डिकीच्या पत्र्यात दोन मोठी, चार बोल्टची, नळीच्या क्लिपांची अकरा, फायरवॉलला एक. मोठ्या दोन्हींच्या काठाला गंज. घासून, झिंकचा प्रायमर, रंग, रबरी ग्रोमेट, खालून सीलंट. मी आत बसले आणि बाहेरून पाइपाने पाणी मारायला भाच्याला लावलं, त्याने आनंदाने जास्तच मारलं. थेंब नाही. तांब्याची नळी पूर्ण काढली. ‘राहू द्या, काय बिघडते’ म्हणणारे भेटले, पण पुढच्या मालकाला ती ब्रेकची लाइन वाटली तर?

८ जानेवारी, बुधवार

पीयूसी: धुरातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.२१ टक्के, मर्यादा ०.५. न जळलेलं इंधन (एचसी) १४० पीपीएम, मर्यादा ७५०. विमा कंपनीला कळवलं. पॉलिसीत थर्ड पार्टीखाली गॅस किटचे ६० रुपये आणि किटच्या किमतीवरचा भाग दरवर्षी निघत होता, तो पुढच्या वेळेपासून नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

आरटीओ. गाडीत बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंद लागते. बसवताना लागली तशीच काढतानाही. अर्ज, केंद्राचा किट काढल्याचा दाखला, टाकी निकामी केल्याचा दाखला, विमा, पीयूसी. निरीक्षकांनी चासीचा ठसा पडताळला, बॉनेट, मग डिकी. खड्ड्यातली स्टेपनी उचलायला लावून खाली बघितलं. टाकीच्या दाखल्यावरचा क्रमांक जुन्या कागदाशी जुळवला. ‘वायरिंग कोणी केलं?’ मी म्हटलं, मीच. त्यांनी एक श्रिंक बोटाने ओढून बघितली आणि सही केली. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे ५,००० वेगळे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पहिली पूर्ण टाकी पेट्रोल संपवून मोजलं: लिटरला १५.४. बाबांनी गॅसच्या दिवसांचा हिशेब काढून दाखवला, मी ऐकून घेतला. मागचा भाग दोन बोटं वर आलाय, टाकीचं वजन गेल्यामुळे.

बंपरमध्ये गॅस भरायच्या नोझलचं भोक राहिलंय, त्या मापाचं झाकण बाजारात मिळत नाही. बाबांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण गोल कापून, काळा रंग मारून बसवलं. घट्ट बसलंय.